सूर्यफुलाचे मूळस्थान : एका वादाचा इतिहास

मिसिसिपी व तिच्या उपनद्या यांच्या खोऱ्यांत राहणाऱ्या लोकांनी शेती स्वतः शोधून काढली, की ती त्यांना मेक्सिकोकडून आयती मिळाली, हा प्रश्न एका रानफुलाच्या बीवर येऊन ठेपावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु ज्या समाजांनी लेख, नाणी वा दप्तरे मागे ठेवली नाहीत, त्यांच्या इतिहासाची साधने अशीच असतात. सूर्यफुलाच्या मूळस्थानाविषयी विसाव्या शतकात जो वाद झाला, तो वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा होता. त्याच्या मुळाशी प्रश्न होता तो एका समाजाच्या कर्तृत्वाचा. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

सूर्यफूल ही मुळात उत्तर अमेरिकेतील वर्षायू रानवनस्पती होय. त्या खंडाच्या मध्य व पश्चिम भागांत ती आजही वाटांच्या कडेला, पडीक जमिनीत आणि नदीकाठच्या उकरलेल्या मातीत आपोआप उगवते. कॅन्सस राज्याने १९०३ मध्ये तिला राज्यपुष्पाचा मान दिला. शेतातील सूर्यफूल डोळ्यांसमोर ठेवून हे रानफूल ओळखू गेल्यास मात्र फसगत होते. रानटी झाडाला अनेक फांद्या असतात व प्रत्येक फांदीच्या टोकाला लहानसे फूल येते. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो वस्तुतः शेकडो पुष्पकांचा स्तबक असतो; कडेच्या पिवळ्या पाकळ्या ही किरण-पुष्पके आणि मधली तपकिरी चकती ही बिंब-पुष्पके. रानटी झाडावरील स्तबक एकाच वेळी पिकत नाहीत, आणि पिकलेले बी लगेच गळून पडते. हे बी, शास्त्रीय परिभाषेत कृत्स्नफळ, लांबीला चार ते पाच मिलिमीटर भरते. लागवडीच्या झाडाचे सरळ एकच खोड, त्यावर एकच मोठा स्तबक, आणि पिकल्यावरही जागचे न हलणारे टपोरे बी, हे सर्व मनुष्याच्या निवडीचे फळ आहे. हा फेरफार कोणी केला, केव्हा केला आणि कोठे केला, एवढाच वादाचा विषय.

युरोपीय विद्वानांनी या प्रश्नाचे पहिले उत्तर दिले ते चुकीचे होते, आणि ते दोन शतके टिकले. फ्लँडर्समधील वनस्पतिज्ञ डोडोएन्स याने १५६८ मध्ये सूर्यफुलाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने त्याला पेरू देशाचे नाव दिले. १५९७ मध्ये इंग्रज जेरार्ड यानेही आपल्या वनस्पतिकोशात तेच केले. १७५३ मध्ये लिनीअसने ग्रीक भाषेतील सूर्य व फूल या दोन शब्दांवरून ‘हेलिॲन्थस’ हे प्रजातिनाम व वर्षायू या अर्थाचे ‘ॲन्युअस’ हे जातिनाम मुक्रर केले, आणि निवासस्थान म्हणून पेरू व मेक्सिको या देशांची नोंद केली. वास्तविक पेरूत या वनस्पतीच्या प्राचीन लागवडीचा काहीही पुरावा नाही. परंतु सोळाव्या शतकातील युरोपीय मनात नव्या जगातील सर्व संपत्ती पेरूतून येत होती. मग त्या जगातून आलेले सुवर्णवर्णी फूल तरी दुसरीकडचे कसे असणार? एका ग्रंथकाराचे विधान दुसऱ्याने पडताळून न पाहता उचलावे आणि तिसऱ्याने त्यावर प्रामाण्याची मोहोर उमटवावी, हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

नामसादृश्यावरून होणारा असाच एक गैरसमज आपल्याकडेही आढळतो. आयुर्वेदाच्या निघंटूंत सुवर्चला, आदित्यभक्ता अशी नावे येतात, आणि त्यांचा अर्थ कित्येकदा बेधडक सूर्यफूल असा दिला जातो. सूर्याकडे वळणारी वा सूर्याच्या नावाने ओळखली जाणारी वनस्पती प्रत्येक देशात असते. रोमन कवी ओव्हिड याच्या काव्यात सूर्यावर अनुरक्त झालेली क्लिटी ज्या फुलात रूपांतरित होते, तेही हे फूल नव्हे. कारण कोलंबसाच्या सफरीपूर्वी ते युरोपात नव्हतेच. जे ओव्हिडला लागू, तेच प्राचीन निघंटुकारांनाही लागू.

प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष मात्र आरंभापासून निराळी होती. टॉमस हॅरियट हा इंग्रज गणिती १५८५–८६ मध्ये आजच्या उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील वसाहतीत राहिला. त्याने १५८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात पुरुषभर उंचीच्या, वीतभर रुंद फुलाच्या एका वनस्पतीचे वर्णन आहे, आणि तिच्या बियांपासून तेथील लोक भाकरी व कढण करतात असे त्याने नमूद केले आहे. फ्रेंच प्रवासी शांप्लँ याला १६१५ मध्ये ह्यूरॉन लोकांच्या शेतांत मक्याबरोबर सूर्यफूल दिसले; त्याच्या तेलाचा उपयोग ते केसांना लावण्यासाठी करीत. १७ जुलै १८०५ रोजी मिसूरी नदीच्या वरच्या अंगाला असताना मेरिवेदर ल्यूइस याने आपल्या रोजनिशीत फुललेल्या सूर्यफुलांची नोंद केली व त्या बियांचे पीठ, भाकरी आणि कढण दाट करण्याची रीत यांचीही माहिती दिली. या साक्षी एकमेकींपासून फार दूरच्या प्रदेशांतील आहेत, आणि त्या परस्परांस पुष्टी देतात. सूर्यफूल हे पूर्व किनाऱ्यापासून मिसूरीच्या मैदानापर्यंत अन्न म्हणून रुळलेले होते, हे त्यांवरून निर्विवाद सिद्ध होते.

असे असूनही एकोणिसाव्या शतकात अमेरिकन संयुक्त संस्थानांच्या राजकारणात व विद्वत्तेत निराळेच चित्र दृढ होत गेले. मूळ रहिवासी हा भटका शिकारी, त्याला जमीन कसण्याची कला ठाऊक नाही, असे ते चित्र होते. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनींचे व्यक्तिगत तुकडे पाडले, तेव्हा दिलेल्या समर्थनांत या लोकांना शेतकरी बनविण्याचा हेतू अग्रभागी होता. ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके शेती केली त्यांना शेतकरी बनविण्याची ही भाषा अज्ञानातून आली की सोयीतून, याचा निर्णय वाचकांनीच करावा. हाती आलेली उरलेली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली, एवढे मात्र खरे.

विसाव्या शतकात पुरावा जमिनीतून बाहेर येऊ लागला. आर्कॅन्सॉ व मिसूरी राज्यांच्या सीमेवरील ओझार्क पठारात कोरड्या कपारी आहेत, आणि कोरडेपणामुळे तेथे टोपल्या, दोर व धान्य टिकून राहते. मार्क हॅरिंग्टन याने १९२२ मध्ये तेथे उत्खनन केले. तेथील वनस्पतिअवशेषांचे परीक्षण मेल्व्हिन गिल्मोर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत लागवडीच्या सूर्यफुलाच्या टपोऱ्या बिया होत्या. १९३६ मध्ये व्होल्नी जोन्स यांनी केंटकीतील न्यूट कॅश या कपारीतील अवशेष तपासले आणि मका येण्यापूर्वीच या भागात स्थानिक वनस्पतींची लागवड होत असावी, असा तर्क मांडला. हा तर्क त्या काळी धाडसाचाच होता. वाविलोव्ह यांनी जगातील शेतीची जी उगमकेंद्रे निश्चित केली होती, त्यांत मेक्सिकोच्या उत्तरेकडील प्रदेशाला स्वतंत्र स्थान नव्हते. प्रचलित मत असे की, मका, घेवडा व भोपळा मेक्सिकोतून उत्तरेस आले, त्यांच्याबरोबर लागवडीची कल्पना आली, आणि त्या कल्पनेचे अनुकरण करून स्थानिकांनी सूर्यफुलासारख्या काही किरकोळ वनस्पती पेरून पाहिल्या. म्हणजे बी त्यांचे असले तरी बुद्धी दुसऱ्याची!

सूर्यफुलाला संशोधनाचा प्रमुख विषय बनविण्याचे श्रेय चार्ल्स हायझर यांना द्यावे लागते. हायझर यांचे गुरू एडगर ॲन्डरसन हे सेंट लुइसचे. मनुष्यवस्तीजवळच्या उकिरड्यांवर, उकरलेल्या मातीत उगवणाऱ्या तणांतूनच पुष्कळ पिके निर्माण झाली असावीत, असे त्यांचे मत होते. इंडियाना विद्यापीठात राहून हायझर यांनी हेच सूत्र सूर्यफुलाला लावले. १९५१ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या वृत्तांतात त्यांचा उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी व सूर्यफूल या विषयावरील निबंध आला. पश्चिमेकडील लोक रानटी बी गोळा करीत. त्यांच्या तळांभोवती सांडलेले बी उगवून सूर्यफूल वस्तीचे तण बनले. वस्त्यांच्या मागोमाग ते पूर्वेकडे गेले. आणि तेथे, रानटी कुटुंबापासून दूर पडल्यामुळे, त्यातून एकस्तबकी पीक निवडले गेले, अशी त्यांची उपपत्ती होती. ते पश्चिमेकडून मनुष्याबरोबरच पूर्वेस आले, हा तिचा भाग आज तितकासा निर्विवाद राहिलेला नाही. परंतु पीक पूर्वेकडे घडले, हा मुख्य निष्कर्ष टिकला.

पुढील वळण आले ते कालमापनाच्या पद्धतीतून. कार्बन-१४ पद्धतीला आरंभी पुष्कळ द्रव्य लागे. त्यामुळे बीजवळच्या कोळशाचे वय मोजून तेच बीचे मानावे लागे. उंदराने वा मुळाने वरच्या थरातील बी खालच्या थरात नेले, तर सर्व गणित चुकत असे. १९८० नंतर कणत्वरकाच्या साहाय्याने प्रत्यक्ष एका बीचे वय काढणे शक्य झाले, आणि अनेक जुने दावे कोसळले. काही मात्र अधिक भक्कम झाले. टेनेसीच्या मध्यभागातील हेझ या स्थळी सापडलेल्या जळक्या सूर्यफूल-बियांचे वय गॅरी क्राइट्स यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. दुरुस्त कालगणनेनुसार ते आजपासून सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीचे ठरते. सात मिलिमीटर वा त्याहून अधिक लांबी हे लागवडीचे गमक मानले जाते, आणि जळताना बी आकसते याचा हिशेब धरून ही बिये लागवडीची ठरली. मका या प्रदेशात आला तो त्यानंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी. आणि तो मुख्य अन्न बनला तो तर इ. स. ९०० च्या सुमारास.

स्मिथसोनियन संस्थेचे ब्रूस स्मिथ यांनी १९८९ पासून या सर्व पुराव्याची एकत्र मांडणी केली. स्थानिक रानभोपळा, सूर्यफूल, मार्श-एल्डर आणि आपल्या चाकवताच्या प्रजातीतील एक वनस्पती, असा एक पीकसंच आजपासून सुमारे ३,८०० वर्षांपूर्वी तेथे सिद्ध झालेला होता. भोपळा मेक्सिकोतून आला ही समजूतही मागे पडली. पूर्वेकडील भोपळ्याचे मूळ तेथल्याच रानवेलीत असल्याचे दिसून आले. मार्श-एल्डर हीसुद्धा सूर्यफुलाच्याच कुलातील वर्षायू वनस्पती. तिच्या मोठ्या बियांच्या लागवडीच्या वाणाचे वर्णन सिडनी ब्लेक यांनी १९३९ मध्ये कपारींतील अवशेषांवरूनच केले, कारण जिवंत झाड कोठेही उरलेले नव्हते. मक्याने तिला शेतातून हुसकावले, आणि तिची पेरणी बंद पडताच हजारो वर्षांच्या निवडीचे फळ नाहीसे झाले. सूर्यफूल त्याच वाटेने गेले असते, तर हा वाद उद्भवलाही नसता.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच २००१ मध्ये डेव्हिड लेंट्झ व त्यांचे सहकारी यांनी मेक्सिकोतील टाबास्को राज्यातल्या सान आंद्रेस या स्थळावरून इ. स. पू. २६०० च्या सुमाराचे सूर्यफुलाचे बी सापडल्याचे जाहीर केले. २००८ मध्ये त्यांनी मोरेलोस राज्यातील एका गुहेतील, इ. स. पू. ३०० च्या सुमाराचे अवशेष पुढे केले, आणि सूर्योपासनेशी संबंध असल्यामुळे स्पॅनिश धर्मोपदेशकांनी या वनस्पतीचा वापर दडपला असावा, असेही सुचविले. या दाव्यातील दोन भाग वेगळे केले पाहिजेत. गुहेतील अवशेष विचारार्ह आहेत. तथापि ते टेनेसीतील बियांहून सुमारे अडीच हजार वर्षांनी अलीकडचे असल्याने मूळस्थानाचा निर्णय त्यांवरून होत नाही. सान आंद्रेसच्या बीबद्दल हायझर व स्मिथ यांनी गंभीर शंका घेतल्या; ते सूर्यफुलाचे नसून दुध्या भोपळ्याचे असावे, असाही आक्षेप आला. धर्मोपदेशकांनी दडपल्यामुळे कागदपत्रे गप्प आहेत, हा युक्तिवाद तर इतिहासपद्धतीच्या दृष्टीने लंगडाच म्हणावा लागेल. मौनाचे कारण कल्पून त्या मौनालाच पुरावा म्हणून उभे करता येत नाही.

जनुकविज्ञानाची साक्ष निर्णायक ठरली. २००४ मध्ये हार्टर आदी संशोधकांनी दाखवून दिले की, आजची लागवडीची सूर्यफुले पूर्व-मध्य उत्तर अमेरिकेतील रानटी सूर्यफुलांना सर्वांत जवळची आहेत, मेक्सिकोतील रानटी सूर्यफुलांना नव्हेत. तरीही मेक्सिकोत वेगळे देशी वाण असतील, अशी शंका घेण्यास जागा होती. २०११ मध्ये बेंजामिन ब्लॅकमन व सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील देशी वाणही तपासले, आणि लागवडीशी निगडित जनुकांच्या बाबतीत तेही पूर्वेकडील उगमाचेच निघाले. नष्ट झालेला एखादा मेक्सिकन वंश पूर्वी होता काय, हे जिवंत झाडांवरून सांगता येत नाही. परंतु जे सूर्यफूल जगभर गेले त्याचे घर कोणते, याविषयी आता वाजवी संशय उरलेला नाही.

या चाचण्यांना बी कोठून मिळाले, ही बाब संशोधनाच्या वृत्तांतांत एखाद्या ओळीत आटोपली जाते, पण ती अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे. होपी, हिदात्सा, मॅन्डन, अरिकारा, सेनेका अशा जमातींच्या नावाने ओळखले जाणारे देशी वाण आज आयोवा राज्यातील एम्स येथील बीजसंग्रहात आहेत. होपींच्या वाणाच्या काळ्या-जांभळ्या टरफलापासून टोपल्यांसाठी रंग काढीत. हिदात्सांच्या लागवडीची तर अत्यंत तपशीलवार हकीकत उपलब्ध आहे. मिनेसोटा विद्यापीठातर्फे १९१७ मध्ये गिल्बर्ट विल्सन यांनी हिदात्सांच्या शेतीवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचा जवळजवळ सर्व मजकूर बफेलो बर्ड वुमन, हिदात्सा नाव माक्सीदीविया, या १८३९ च्या सुमारास जन्मलेल्या वृद्धेने सांगितलेला आहे. तिच्या सांगण्याप्रमाणे वसंतात सर्वांत आधी पेरायचे ते सूर्यफूल. एप्रिलच्या सुमाराच्या चांद्रमासाला त्या पेरणीवरूनच नाव पडले होते. ते शेताच्या फक्त कडेने, एकेका आळ्यात तीन तीन बिया घालून लावीत. काळे, पांढरे, तांबूस व पट्ट्यांचे असे वाण होते आणि बहुधा एक कुटुंब एकच वाण राखी. बी भाजून कुटत. त्या पिठाचा घेवडा, वाळवलेला भोपळा व मका यांच्याबरोबर चार जिन्नसांचा एक पदार्थ होई, आणि तो तिला विशेष आवडे. लढाईवर जाणारे पुरुष त्या पिठाचा गोळा रानरेड्याच्या हृदयाच्या पापुद्र्यात गुंडाळून बरोबर नेत व थकवा आला की त्यातील थोडे थोडे खात. पेरणी, खुरपणी, राखण, निवड आणि बियाणे जपणे ही सर्व कामे स्त्रियांची होती, आणि शेतेही त्यांचीच. चार-पाच मिलिमीटरांचे बी सात मिलिमीटरांच्या पुढे कोणाच्या हातून गेले असेल, या प्रश्नाचे उत्तर हिदात्सांच्या चालीवरून पाच हजार वर्षे मागे नेणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. परंतु उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील बहुतेक शेतकरी जमातींत हीच श्रमविभागणी आढळते, हे लक्षात घेतले पाहिजे.

या शेतांची जमीन आज पाण्याखाली आहे. मिसूरीच्या काठची मऊ गाळाची जमीनच खणण्याच्या लाकडी काठीला व खांद्याच्या हाडाच्या कुदळीला मानवत असे. १९५३ मध्ये पुऱ्या झालेल्या गॅरिसन धरणाने हिदात्सा, मॅन्डन व अरिकारा यांच्या फोर्ट बर्थोल्ड प्रदेशातील दीड लाख एकरांहून अधिक जमीन घेतली, आणि त्यांत नदीकाठचा हा सखल पट्टा जवळजवळ सगळा गेला. हायझर यांचा निबंध आणि हे धरण यांत अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे. सूर्यफुलाच्या उगमाचे श्रेय या लोकांकडे जाण्यास आरंभ झाला त्याच सुमारास त्यांची शेती उठली.

सूर्यफुलाचा पुढील प्रवास सर्वपरिचित असल्याने थोडक्यात सांगता येतो. युरोपात ते प्रथम बागेची शोभा होते. रशियात आलेक्सेयेव्हका या गावी बोकार्योव्ह या भूदासाने १८२९ च्या सुमारास त्याचे तेल काढले, आणि काही वर्षांतच तेथे घाणे उभे राहिले. विसाव्या शतकात क्रास्नोदार येथे वासिली पुस्तोव्होइत यांनी निवडीने तेलाचे प्रमाण शंभरात तिसाच्या सुमारावरून पन्नासाच्या आसपास नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन बियाणे-विक्रेते आपल्याच भूमीतील हे पीक ‘रशियन’ म्हणून विकू लागले होते. पेरूच्या नावाची चूक जणू पुन्हा एकदा झाली. भारतात तेलबी म्हणून त्याची लागवड १९६९ मध्ये सोव्हिएट वाणांनी सुरू झाली, आणि पुढे लातूर, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांच्या काळ्या रानात ते रुळले. तेथील क्षेत्र मात्र मागील काही दशकांत बरेच आटले आहे.

त्याच १९६९ साली फ्रान्समध्ये पातरीस लक्लेर्क यांनी संकरित बियाण्याला आवश्यक असणारे नरवंध्यत्व सूर्यफुलात आणले. ते त्यांना लागवडीच्या कोणत्याही वाणात मिळाले नाही. ‘हेलिॲन्थस पेटिओलॅरिस’ या अमेरिकेच्या मैदानातील दुसऱ्या वर्षायू रानफुलाशी संकर करून ते मिळवावे लागले. बंगलोर येथून १९८० मध्ये प्रसृत झालेला बीएसएच-१ हा भारताचा पहिला सूर्यफूल-संकर याच नरवंध्यत्वावर आधारलेला होता.